सिग्नल पडेपर्यंत मांत्रिक झोपलेला

"मी नाही खेळत," अमरसिंग म्हणाला आणि आपले सगळे शिपाई, म्हणजे चिंचोके, खिशात भरू लागला. "चार दिवसापासून गड चढून राह्यलो. दरवाजापाशी पोचलो की याचा मांत्रिक फुंकर मारते अन् माही फौज राख."

"मांत्रिक हाय तो," गोपीचंद म्हणाला. "फुंकर नाही मारन तं काय लाटणं मारन?"

भागिरथा दोघांच्या मध्ये बसून ऐकत होती. खेळ तिनेच काढला होता. सुट्टी लागल्यापासून तिघं स्टेशनच्या रिकाम्या मालधक्क्यात फरशीवर कोळशाने गड, दरी, विहीर काढून बसत. पुढे काय आडवं येतं ते भागिरथा सांगायची, आपण काय करतो ते बाकीचे सांगायचे आणि जमलं की फसलं ते कवड्या ठरवायच्या. पण मांत्रिक सगळ्यांना पुरून उरायचा. तिने मंत्र मोजून दिले, तर गोपीचंदने ते साठवून शेवटी एकदम फौज जाळली. शिपायांना मंत्र न लागणाऱ्या ढाली दिल्या, तर मांत्रिक लग्नात कोणी न विचारलेल्या पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसला आणि गोपीचंद रुसला. वाशीमकडचं ते ऊन असं की भांडायचासुद्धा कंटाळा यावा.

त्यात तिच्या डोक्याला दुसराच घोर होता. तिचे बाबा, शेषराव, या स्टेशनवर काटेवाले होते. स्टेशनमास्तरांनी हुकूम द्यायचा, बाबांनी दांडा ओढायचा, मग सिग्नल पडायचा आणि गाडी आत यायची. पण हल्ली दुपारची गाडी रोज सिग्नलबाहेर उभी राहून शिट्ट्या मारायची. 'काटेवाला झोपतो,' असं मास्तरांनी वर लिहून कळवलं होतं. उद्या त्याच गाडीने चौकशीला साहेब येणार होते. बाबांची नोकरी गेली तर रेल्वेची खोलीही जाणार होती.

"बाबा, तुमी खरंच झोपता का?" तिने सकाळी विचारलं होतं.

"मले रातच्याले झोप येत नाही, दुपारी कोठून येईन? हुकूमच उशिरा येते. मास्तर कुठं जाऊन बसतेत, देव जाणे."

"मंग साहेबाले सांगा ना."

"मास्तर खुर्चीत, मी उभा. कोणाचं खरं धरतीन?" एवढं बोलून ते डोक्याला फडकं बांधून कामावर गेले होते.

"थांब," भागिरथा एकदम अमरसिंगला म्हणाली. "चिंचोके उचलू नोको. पट पाह्य आधी. काल मांत्रिक बुरुजावर होता ना? आज विहिरीपाशी कसा?"

"उंदरानं नेला असन," गोपीचंद म्हणाला.

"अन् शिपाई रांगेत उभे केले, तेही उंदरानंच?"

अमरसिंगने खाली वाकून बोट दाखवलं. फरशीवर कपाचे ओले गोल उमटून वाळले होते. "चहाबी पेते वाटते तुहा उंदीर."

दुपारी घरी जायच्या वेळी तिघं रिकाम्या पोत्यांच्या थप्पीमागे लपली. थोड्याच वेळात मागच्या दाराने टोपी काढत स्टेशनमास्तर आले. मागून दोन कप घेऊन टपरीवाला बाबूलाल. दोघं मांडी घालून पटापुढे बसले.

"मास्तर, तुमचा मांत्रिक फुंकर मारते अन् माही फौज राख. हा काय न्याय झाला?"

"मांत्रिक आहे तो, बाबूलाल."

गोपीचंदला हसू आवरेना. अमरसिंगने त्याचं तोंड दाबलं.

ऑफिसातून फोनची घंटी ऐकू आली. गाडी मागच्या स्टेशनवरून सुटली की ती वाजायची. मास्तर जाऊन घाईने 'हो, हो' म्हणून परत पटाशी आले. गाडी आली, सिग्नलबाहेर थांबली, शिट्टीवर शिट्टी मारू लागली. इकडे भांडण चालूच. शेवटी मास्तर कोटाची बटणं लावत पळाले, मागोमाग कप उचलून बाबूलालही.

"चला, सगळ्यायले सांगू," अमरसिंग म्हणाला.

"कोण आयकन? पोट्टे खोटं बोलतेत म्हनतीन." भागिरथा दारात उभी होती. दूर उन्हात बाबा दांड्याला हात लावून तसेच उभे होते. गाडीही दमलेली दिसत होती. अमरसिंगचे शिपाई दमले होते, ती स्वतः दमली होती. सगळं जग दमलं होतं, एक मांत्रिक तेवढा दमत नव्हता.

तिने कोळसा उचलला आणि पटाशेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'एक मंत्र म्हटला की मांत्रिक गाढ झोपतो. सिग्नल पडला की जागा होतो. झोपेत सापडला तर हरला.' मग तिने थोडे चिंचोके गोपीचंदलाही दिले. झोपलेल्याची राखण कोणीतरी करायलाच हवी होती.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा दोघांनाही घाम फुटला. गोपीचंदने मंत्र टाकून पूल जाळला खरा, पण मांत्रिक झोपला आणि त्याचे शिपाई जिवावर उदार होऊन दार लढवू लागले. अमरसिंग एका पायरीवर येऊन ठेपला, तेवढ्यात संध्याकाळच्या गाडीचा सिग्नल पडला. रुसायचं कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं पुन्हा पोत्यांमागे.

मास्तरांनी नियम वाचला. "पोरं हुशार आहेत हो," म्हणत त्यांनी हौसेने पहिल्याच डावात मंत्र टाकला. बाबूलालची अर्धी फौज जळाली. मांत्रिक झोपला. बाबूलाल मात्र उरलेले शिपाई घेऊन गड चढू लागला. मास्तरांची राखण एकेक करून पडली.

"आता कसं, मास्तर? घोरू द्या त्याले."

फोनची घंटी वाजली आणि मास्तर धावतच सुटले. फोन घेऊन बाहेर येताच ओरडले, "शेषराव, सिग्नल! लवकर पाड!"

खटकन दांडा ओढल्याचा आवाज आला. कित्येक दिवसांनी दुपारची गाडी कुठेही न थांबता थेट फलाटाला लागली. शेषरावांनी हिरवा झेंडा दाखवून तिला रवाना केलं, आणि मास्तर धापा टाकत मालधक्क्यात परतले.

"सिग्नल पडला, बाबूलाल! जागा झाला माझा—"

पटाशेजारी तीन मुलं उभी होती. आणि मास्तरांच्या मागे, गाडीतून उतरलेले साहेब. आपल्याला भेटायचं सोडून मास्तर पळतात कुठे, ते पाहायला मागोमाग आलेले. डावाच्या नादात मास्तर त्यांना साफ विसरले होते.

"कोण जागा झाला?" साहेबांनी विचारलं.

भागिरथाने पुढे होऊन सगळं सांगितलं. साहेबांनी बाबूलालकडे पाहिलं.

"पोरगी खरं सांगून राह्यली, साहेब," तो खाली मान घालून म्हणाला. "रोज इथंच बसतो आमी."

"आणि काटेवाला?"

"दांड्यापाशीच उभा असायचा," मास्तर हळूच म्हणाले. "हुकमाची वाट पाहत. मी लिहिलं ते खोटं होतं. मागे घेतो."

साहेब उकिडवे बसले. त्यांनी तो कोळशाने लिहिलेला नियम पुन्हा वाचला. "ही गाडी वेळेवर आत घ्या म्हणून आम्ही लिहून लिहून थकलो. कोणी केला हा नियम?"

दारात शेषराव येऊन उभे होते. काखेत गुंडाळलेला हिरवा झेंडा, अंगावर घामाने भिजलेला सदरा.

"माह्या पोरीनं," ते म्हणाले.

साहेब उठून मास्तरांशी दुसरंच काही बोलू लागले होते. आता कोणीच काही विचारत नव्हतं. तरी शेषरावांनी पटाकडे बघत पुन्हा म्हटलं, "माह्याच पोरीनं."