तापलेल्या गाडीची वस्ताद

"अहो, हात लावू नका! झाकणाला हात लावू नका म्हणते ना!"

ती गॅरेजातून अशी ओरडत धावली की समोरच्या बाकावरचे दोन म्हातारे दचकून उभेच राहिले. तो मात्र तसाच वाकलेला... हातात रुमाल, रुमाल रेडिएटरच्या झाकणावर, आणि बॉनेटमधून वाफेचे लोट. तिने त्याचं मनगट धरून असं काही खेचलं की गडी सरळ दोन पावलं मागे आला.

"उकळतं पाणी आहे आत. झाकण उघडलं असतं तर तोंडावर आलं असतं. मग हा चेहरा कुठल्या गॅरेजात दुरुस्त करणार होतात?"

त्याने मनगटाकडे पाहिलं. ग्रीसची पाच काळी बोटं उमटली होती.

"म्हणजे चेहरा जपण्याजोगा आहे," तो म्हणाला, "एवढं तरी कळलं."

झालं! गॅरेजातल्या दोघा मेकॅनिकांनी हातातले पाने खाली ठेवून कान टवकारले. कारण हिला शब्दात पकडणारा माणूस त्या रस्त्यावर अजून कुणी पाहिला नव्हता.

ती अप्पांची मुलगी. अप्पा म्हणजे गॅरेजचे मालक. सगळे तिला वस्ताद म्हणत. सुरुवातीला थट्टेने म्हणत, पण तिने एकेकाच्या डोळ्यांदेखत बंद पडलेली इंजिनं बोलती केली तशी थट्टा आपोआप गळून पडली आणि नाव तेवढं राहिलं. तिलाही ते आवडायचं. का आवडू नये? स्वतःच्या हाताने मिळवलेलं नाव होतं ते! आणि त्या गॅरेजचा एकच तोरा होता — इथून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत येत नाही. अप्पांच्या काळात आली नव्हती. तिच्या हातून तर शक्यच नव्हतं, असं तिचं ठाम मत.

तो गुरांचा डॉक्टर निघाला. लशींची बर्फाची पेटी मागच्या सीटवर टाकून दूरदूरच्या गोठ्यांवर फिरायचा. गावात गाडी गुणाची, पण हमरस्त्यावर तासभर ऊन खाल्लं की उष्णतेचा काटा लालमध्ये. तीन गॅरेजं झाली होती.

"तुमच्या पेशंटला ताप आला तर आधी काय करता?" तिने विचारलं.

"विचारतो. कधीपासून आहे, कधी चढतो, कधी उतरतो..."

"कुणाला, म्हशीला?"

"मालकाला."

"मग सांगा की मालक. मी तेच विचारतेय."

तो हसला. हसताना त्याचे डोळे बारीक व्हायचे. वस्तादने ते पाहिलं आणि लगेच बॉनेटखाली डोकं घातलं. तिथे पाहण्यासारखं पुष्कळ होतंच.

रेडिएटर काढला, तर पुढच्या जाळीत गोठ्यांचा भुसा ठासून भरलेला आणि आत गाळाचा चिखल. "नाक बुजवून पळवताय बिचारीला," ती म्हणाली, "आणि म्हणे डॉक्टर!" दोन दिवस तिने तो रेडिएटर धुतला. जाळीतली एकेक काडी वेचली. पाईप काढून आतून घासले. हिची स्वच्छता म्हणजे विचारू नका, गंजाचा कण दिसला तरी हिला झोप यायची नाही. तो लोखंडी स्टुलावर बसून पाने हातात द्यायचा. चौदाचा मागितला की सतराचा. तिसऱ्यांदा चुकल्यावर तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"मुद्दाम करताय?"

"पहिल्या दोन वेळा नाही," तो म्हणाला.

गाडी तयार झाली. तिने गावातून दोन फेऱ्या मारल्या, किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली आणि मान ताठ करून म्हणाली, "खुशाल जा. आता तापायची नाही. माझा शब्द."

नवव्या दिवशी, ऐन दुपारी, गाडी परत आली. वाफ काढत.

गॅरेजातली हातोडीसुद्धा थांबली. वस्ताद हातातला पाना खाली ठेवून बाहेर आली.

"बहुतेक माझंच काहीतरी चुकलं असेल," तो खाली उतरत म्हणाला. घामाने नुसता भिजला होता. "मी जरा जोरात चालवली असेन..."

त्याने तक्रार केली असती तर परवडलं असतं. त्याचा हा समजूतदारपणा तिला जास्तच झोंबला. तिने पंखा पाहिला, पाणी पाहिलं, पाईप दाबून पाहिले. सगळं जिथल्या तिथे! उभ्या गाडीत खोट काही सापडेना.

अप्पा ट्रकखालून सरकत बाहेर आले. लेकीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.

"पळताना तापते ना? मग पळतानाच बघ जाऊन," म्हणाले, आणि पुन्हा ट्रकखाली गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला दोघं निघाले. संध्याकाळच्या आत त्याला डोंगरापलीकडच्या गुरांच्या तळावर लशी पोचवायच्या होत्या. बर्फ तेवढाच वेळ टिकणार होता. रस्ता सरळ, दोन्हीकडे करपलेलं गवत, डांबरावर उन्हाची लाट हलतेय. तिची नजर काट्यावर. त्याची रस्त्यावर... म्हणजे बहुतेक वेळ रस्त्यावर.

"समोर बघा."

"समोरच बघतोय. तळावर सगळ्यांना सांगून ठेवलंय मी तुमच्याबद्दल. तीन गॅरेजांना जे जमलं नाही ते हिने दोन दिवसांत केलं म्हणून. म्हातारे गवळी तर म्हणतात, एकदा दाखवा तरी ही बाई."

एरवी तिची छाती अभिमानाने फुगली असती. आज मात्र काटा हळूच वर सरकायला लागला होता.

"हीटर लावा."

"काय? या उन्हात?"

"इंजिनची उष्णता आत ओढून घेतो तो. लावा म्हणते ना!"

हीटर लागला आणि दोघंही पापडासारखे भाजून निघाले. त्याच्या कपाळावरून घामाचा ओघळ थेट डोळ्यात. तिने काही न बोलता ओढणीच्या टोकाने तो टिपला. मग स्वतःच इतकी ओशाळली की खिडकीबाहेर बघत राहिली. काटा मात्र कुणाची भीड न धरता चढतच होता.

"कडेला घ्या. पण इंजिन बंद करू नका! मी सांगेन तेव्हा रेस द्या, आणि हात वर केला की बंद करा."

तिने बॉनेट उघडलं. झळ तोंडावर आली. "द्या!" इंजिन गरजलं. तिची नजर रेडिएटरच्या तळाशी गेली, आणि तिथला जाड रबरी पाईप तिच्या डोळ्यांसमोर आत ओढला गेला, चपटा झाला. पाण्याची वाटच बंद! तिने हात वर केला. इंजिन थांबलं. पाईप पुन्हा गोल. जसं काही घडलंच नाही.

गाडी तापली की जो तो आधी इंजिन बंद करतो आणि मग बॉनेट उघडतो. तोवर हा पठ्ठ्या पाईप पुन्हा गोल होऊन सावासारखा उभा. दिसणार कसा?

पण वस्ताद जागच्या जागी थिजली ती त्यासाठी नाही. त्या पाईपच्या आत एक स्प्रिंग असते. पाणी ओढलं जाताना पाईप चपटा होऊ नये म्हणून. या पाईपमध्येही होती... जुनी, गंजकी, पण होती. तिनेच ती चिमट्याने ओढून काढली होती. गंज पुन्हा रेडिएटरमध्ये जायला नको म्हणून. काढली, भंगाराच्या डब्यात टाकली, नवी घालायची राहिली. हातात पाने चुकीचे येत होते, कुणीतरी हसत होतं, आणि वस्ताद विसरली.

तो खाली उतरून शेजारी उभा राहिला. "सापडलं?"

"सापडलं."

"वा! काय होतं?"

काय सांगायचं? 'पाईप मऊ पडलाय, बदलायला हवा,' एवढं म्हणाली असती तर काम भागलं असतं. खोटंही नव्हतं ते पुरतं. त्याला कुठे कळणार होतं? डोंगरापलीकडे म्हातारे गवळी तिचं कौतुक ऐकून बसलेले, आणि हा माणूस... या माणसाच्या डोळ्यांत ती किती मोठी होती, ते तिला दिसत होतं. ते डोळे बदललेले बघवले नसते तिला.

मग तिने हात पुसले आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"चूक माझी आहे. भुशामुळे तापायची ते वेगळं. ते मी बरं केलं. पण ते करताना या पाईपमधली स्प्रिंग मी काढून टाकली, आणि दुसरी घातली नाही. काल तुमची गाडी परत आली ती माझ्यामुळे. तुमचं काही चुकलं नव्हतं. तीन गॅरेजांचं सांगता ना लोकांना, तर हेही सांगा."

एक ट्रक धाडधाड करत निघून गेला, धूळ उडाली, खाली बसली.

"बोला काहीतरी," ती म्हणाली. "रागवा हवं तर."

"नोकरीच्या पहिल्या वर्षी एक गाय गेली माझ्या हातून," तो हळूच म्हणाला. "दुखणं ओळखायला चुकलो. मालकाला म्हणालो, तुम्ही उशिरा बोलावलंत. तो म्हातारा अजून भेटतो, अजून हात जोडतो, म्हणतो, डॉक्टर, माझाच उशीर झाला हो... सहा वर्षं झाली. मला नाही जमलं, आणि तुम्ही..." त्याने त्या पाईपकडे बोट दाखवलं. "तुम्ही घामही न पुसता सांगून मोकळ्या झालात!"

"मोकळी कसली? अजून अप्पांना सांगायचंय."

तो हसला, पण डोळे भरले होते त्याचे. "त्या म्हाताऱ्याला उद्या भेटणार आहे मी," तो म्हणाला.

"भेटा. पण आज आधी लशी. बर्फ किती टिकेल?"

"चार तास. फार तर."

"पुरे झाले. ते कुंपण दिसतंय? तुटलेली तार पडली असेल तिथे, जाड बघून आणा. आणि तुमच्याकडे गुरं बांधायची लाकडी खुंटी असेलच."

इंजिन निवायला तास गेला. मग तिने खालचा पाईप सोडवला, पाणी गुरांच्या बादलीत धरलं, आणि खुंटीभोवती तार गुंडाळायला घेतली. तो खुंटी धरून बसला, ती पकडीने तार ओढून वेढा घालायची. कडक तार, हाताला चटके, वेढा सुटला की पुन्हा पहिल्यापासून. बोटांवर बोटं येत होती. कुणी काढून घेत नव्हतं.

"घट्ट धरा."

"धरलंय."

"खुंटीला म्हणतेय मी!"

"खुंटीलाही धरलंय..."

सतरा वेढ्यांची स्प्रिंग झाली. ओबडधोबड, पण मजबूत. पाईपमध्ये घातली, पाईप चढवला, क्लिपा आवळल्या, पाणी भरलं. "द्या रेस!" इंजिन गरजलं. पाईप गोलच्या गोल! तिने बोटांनी दाबून पाहिला, दगडासारखा टणक. "अजून द्या! अजून!" ती ओरडली, आणि भर रस्त्यात, भर उन्हात, एकटीच टाळ्या पिटायला लागली.

मग डोंगर चढला, उतरला. काटा मध्यावर जो बसला तो हललाच नाही. सूर्य अजून हातभर वर होता तेव्हा गाडी तळावर पोचली. पेटी उघडली तर तळाशी मूठभर बर्फ शिल्लक. गवळी गोळा झाले आणि लशी टोचायला सुरुवात झाली.

तिने बाजूला जाऊन फोन लावला. "अप्पा, गाडी परत आली ती माझ्यामुळे. खालच्या पाईपची स्प्रिंग मीच काढली होती."

अप्पांनी एवढंच विचारलं, "त्यांना सांगितलंस?"

"आधी त्यांनाच सांगितलं. मग कुंपणाच्या तारेची केली अन् बसवली. उद्या नवी घालते."

अप्पा तिच्याशी बोललेच नाहीत. फोन कानाला तसाच ठेवून ते गॅरेजभर गरजले, "ऐकलंत का रे! वस्तादने स्वतःची चूक स्वतः पकडली! तीही रस्त्यात, जवळ ना पाईप ना स्प्रिंग! आहे का कुणी असा दुसरा?" पलीकडे कुणीतरी शिट्टी वाजवली. तिने फोन घट्ट धरला आणि गालावरून ओघळलेलं पुसलंही नाही.

काम आटोपून तो आला. बाह्या वर केलेल्या, अंगाला गोठ्याचा वास. तिच्याशेजारी गाडीला टेकून उभा राहिला.

"उद्या नवी स्प्रिंग बसली की संपलं. नाही का?"

"संपलं. आता ही गाडी माझ्या दारात यायची नाही."

"मग मी काय सांगून येऊ? तुमच्या अप्पांसमोर उभं राहून काहीतरी कारण तर सांगायला लागेल..."

"खबरदार, मुद्दाम काही बिघडवलंत तर! मला पाच मिनिटांत कळेल."

"ते माहीत आहे म्हणून तर विचारतोय."

ती त्याच्याकडे वळली. दिवसभराची धूळ, काळे हात, कपाळावर ग्रीसचा पट्टा, आणि मान अशी ताठ की बघत राहावं.

"खरं सांगून या," ती म्हणाली.

"खरं?" तो म्हणाला. "म्हणजे... तुमची मुलगी मला आवडते. लग्न करीन तर हिच्याशीच. असं?"

"असंच. पण हे शेवटचं वाक्य जरा मोठ्याने म्हणा. अप्पा ट्रकखाली असतात, त्यांना ऐकू जात नाही."

"आणि त्यांनी विचारलं, मुलीचं काय म्हणणं आहे, तर?"

तिने त्याचा हात हातात घेतला. पाची काळी बोटं त्याच्या हातावर पुन्हा उमटली, आणि या खेपेला तिने ती सोडवून घेतली नाहीत.

"तर बाजूला व्हा," ती म्हणाली. "माझं मी सांगेन."