सदुसष्टचा चिमटा

क्रिस्टल जुळवण्यात नानांचा हात धरणारा कोणी नव्हता. रेडिओवर उडणारी छोटी विमानं बाळगणारे झाडून सगळे हौशी त्यांच्याच दुकानात येत. क्रिस्टल म्हणजे नखाएवढी पत्र्याची डबी, खाली दोन बारीक पाय. एक हातातल्या सेटमध्ये खोचायचा, त्याचा जोडीदार विमानातल्या रिसीव्हरमध्ये. दोघांवर नंबर एकच, पण पोटातला सूर वेगळा; अदलाबदल झाली की विमान ठार बहिरं. "नवरा-बायकोचं जुळलं नाही तरी संसार रेटता येतो," नाना गिऱ्हाइकांना सांगत, "इथं नाही रेटता येत."

त्या दुपारी जेवून ते जरा टेकले होते, तेवढ्यात पुतणी आली. थोरल्या भावाची एकुलती एक. शाळेत गणित शिकवायची. डोक्यानं तल्लख, बोलायला थोडी. तिच्या एका हातात दादाचा सेट होता. नानांनी तो लांबूनच ओळखला, पट्ट्याला वहिनीनं घातलेला टाका अजून तसाच होता. दुसऱ्या हातात वर्तमानपत्राची पुरचुंडी होती.

"तलाव आटलाय," ती म्हणाली. "मासे धरणाऱ्यांना गाळात बाबांचं विमान सापडलं. पंख कुजलेत. हा तेवढा राहिलाय."

पुरचुंडीत काडेपेटीएवढा रिसीव्हर होता, चिखलानं माखलेला.

"हा कशाला आणलास?"

"तपासून द्या. आतला क्रिस्टल बरोबर होता की नाही, एवढंच मला कळू दे." ती स्टुलावर बसली. "त्या दिवशी तो मीच बसवला होता ना. आई अजून माझ्याशी धड बोलत नाही, काका."

नानांनी पुरचुंडी जवळ ओढली.

तीन वर्षं झाली होती. तलावाकाठच्या मैदानावर हौशी मंडळींनी एक फळी लावली होती. तिच्या तारेला कपड्यांचे लाकडी चिमटे, प्रत्येकावर एक नंबर. ज्या नंबरावर उडवायचं तो चिमटा काढून आपल्या सेटच्या एरियलला लावायचा. चिमटा जागेवर नसेल तर त्या नंबराचा सेट चालू करायचा नाही, कारण एकाच नंबरावर दोन सेट चालले की वरचं विमान कोणाचंच ऐकत नाही. फळीवर नियम रंगवला होता: 'ज्याचा सेट चालू, त्याच्याकडे चिमटा.' अक्षर नानांचं.

आणि नियम मोडला तोही नानांनीच. त्या सकाळी दुकानात त्यांनी दादाचा जादा पडलेला सदुसष्टचा क्रिस्टल स्वतःच्या सेटमध्ये घालून पाहिला आणि काढायला विसरले. मैदानावर, शेडच्या मागे, बॅटरी किती उरलीय ते बघायला बटण दाबलं. दोन सेकंदांचं काम, त्याला कशाला हवा चिमटा? तिकडे तलावावर दादाचं विमान उलटं झालं आणि लव्हाळ्यात पडलं. दादानं सेट गवतावर ठेवला, सदुसष्टचा चिमटा शर्टाच्या कॉलरला लावला आणि पाण्यात उतरला. विमान हाती येईपर्यंत नंबर सोडायचा नाही, अशी त्याची सवयच होती. दुसऱ्या दिवशी त्याला बाहेर काढलं तेव्हा कॉलरला चिमटा नव्हता.

विमान पडलं कसं, असं लोकांनी विचारलं. जाणकार नानाच. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "रिसीव्हरचा क्रिस्टल चुकला असेल." तो कोणी बसवला होता हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. कळलं तोवर पुतणीनं अन्नपाणी टाकलं होतं. नानांची जीभ जी टाळ्याला चिकटली ती चिकटलीच. दर सणावाराला, दर भेटीत ते ठरवायचे, आज सांगू. पण धीर झाला नाही तो नाहीच.

आता त्यांनी ब्रश घेतला, रिसीव्हरचा गाळ काढला. क्रिस्टल निघाला. सदुसष्ट. रिसीव्हरचाच, नीट तळापर्यंत बसलेला. त्यांनी बॅटरी जोडली, विमानाचं सुकाणू हलवते ती छोटी मोटर जोडली आणि दादाचा सेट चालू केला. दांडी हलवली. मोटरचा पांढरा हात लगेच तसाच हलला.

"म्हणजे बरोबर होता," पुतणी म्हणाली.

हो म्हणायला काय लागत होतं? पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग विमान पडलं कशानं?

"असं लगेच सांगता येत नाही," नाना म्हणाले आणि त्यांनी सेट बंद केला.

मोटर हलली. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. मग मध्यावर येऊन थांबली.

उड्डाणाआधी दादा नेमकं असंच सुकाणू हलवायचा. "तयार आहे म्हणतंय बघ," असं म्हणायचा.

"सेट बंद आहे ना, काका?"

"बंदच आहे. आत ओल राहिली असेल." नानांनी दादाच्या सेटमधला क्रिस्टल उपसून तिच्या हातावर ठेवला. मग रिसीव्हरमधलाही काढला. क्रिस्टलशिवाय रिसीव्हर म्हणजे नुसता डबा, त्याला काही ऐकू येत नाही.

डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. खोलीत गाळाचा वास सुटला होता.

हे लवकर संपावं, तिनं घरी जावं, एवढंच त्यांना वाटत होतं. "हे बघ," ते घाईनं म्हणाले, "क्रिस्टल जरा सैल असणार. नवखी होतीस, होतं असं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मोटरचा हात खाडकन एका टोकाला गेला आणि तिथंच अडकून करकरू लागला.

तो आवाज विमानं उडवणारा कोणीही ओळखतो. पुतणीनंही ओळखला.

"काका, कुठेतरी दुसरा सेट चालू आहे."

"इथं कुठला असणार?"

तिनं टेबलावरची सुईची डबी उचलली. सेट चालू असला की त्याच्याजवळ ह्या डबीची सुई चढते. चोरून चालू ठेवलेला सेट मैदानावर असाच शोधतात. ती खिडकीकडे गेली. सुई पडलेलीच. दाराकडे गेली. सुई पडलेलीच. ती कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडे वळली.

सुई चढली.

"तिथं काही नाही," नाना म्हणाले.

"मग ही का चढतेय?"

आणखी एक पाऊल. सुई टोकाला टेकली.

चावी कपाटालाच होती. आत, सगळ्यात खालच्या फळीवर, फडक्यात गुंडाळलेला नानांचा सेट होता. बॅटरी त्यांनी त्याच दिवशी काढून फेकली होती. क्रिस्टलला मात्र नंतर हात लावायचा धीर झाला नव्हता.

तिनं फडकं सोडलं. ते ओलं होतं.

एरियलला एक लाकडी चिमटा लावलेला होता. पाण्यानं काळा पडलेला. नंबर स्पष्ट वाचता येत होता.

तिनं आधी सेट उलटा केला. क्रिस्टल ओढून काढला. उजेडात धरून वाचला. त्या क्षणी टेबलावरची करकर थांबली.

मग तिनं एकच विचारलं, "किती वेळ चालू होता?"

"दोन सेकंद," नाना म्हणाले.

तिनं मान हलवली, एखाद्या मुलाचं उत्तर तपासावं तशी. चिमटा एरियलवरून काढला, नानांच्या अगदी जवळ आली आणि तो त्यांच्या शर्टाच्या कॉलरला लावला.

"नियम तुमचाच आहे, काका."

मग तिनं बाबांचा सेट आणि रिसीव्हर उचलला आणि ती गेली. तिला हाक मारायला नाना उठले. त्यांनी चिमटा काढायचा प्रयत्न केला. तो निघेना. त्यातून पाणी ठिबकत होतं, गार आणि गढूळ. ते दारापर्यंत पोचले, तोवर पाणी कमरेपर्यंत आलं होतं.