रॉकेटवाल्याचं स्थळ

उमापुरात टँकर आला की घागर घेऊन मी सगळ्यांच्या पुढं. त्या दिवशी टँकर खालून गळत होता आणि एक तरुण त्याच्याखाली उताणा पडून सांध्यात रबराचा तुकडा ठोकत होता. फवारा थेट माझ्या तोंडावर आला. मी दोन शब्द सुनावले. तो खालूनच हसला — चिंब भिजलेला, कपाळाला ग्रीस — आणि माझं उरलेलं भांडण घशातच राहिलं.

टँकर त्याच्या चुलतभावाचा. हा शिवशंकर, लिंबागणेश गावचा, सुट्टीवर आलेला. काय करता, असं विचारलं.

"हैदराबादेत रॉकेटची टाकी जोडतो."

"मग मी बीडची कलेक्टर हाय."

"मॅडम, घागर भरली. सरका."

पण ते खरं निघालं. तो आयटीआय केलेला वेल्डर. हैदराबादेत आता रॉकेटच्या खासगी कंपन्या निघाल्यात, त्यातल्या एकीत तो कामाला. नंबर मीच मागितला. लाजायला वेळ नव्हता, टँकर निघाला होता.

वर्षभर फोनवर जीव जडला, मग माझ्या आदिनाथमामांच्या हातून त्याचं रीतसर स्थळ आणवलं. माझे वडील विजयसिंह, म्हणजे आबा, खासगी नोकरीवाल्याला उंबऱ्याच्या आत घेत नसत. बैठकीत त्यांनी विचारलं, नोकरी कोणत्या खात्यात? मामाच मधे म्हणाले, रॉकेट म्हणल्यावर सरकारीच की, दाजी. शिवशंकरनं बोलायला तोंड उघडलं... आणि पोह्यांचा ट्रे धरून मी हळूच मान हलवली. नको. तो माझ्याकडं बघत राहिला आणि गप्प बसला. माझ्या एका नजरेत एवढी ताकद आहे याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. आज सांगताना लाज वाटते.

साखरपुडा झाला. फोनवर तो रोज म्हणायचा, आबांना खरं सांगतो. मी म्हणायचे, आधी रॉकेट उडू द्या, मग आबांना काही वाटणार नाही. आबा तर कधीच सुरू झाले होते — पारावर, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत — जावई सरकारी हाय म्हणून सांगत.

उड्डाणाच्या सकाळी त्यांनी टीव्ही ओट्यावर काढला, पेढे आणले, गाव बोलावलं. रॉकेट उठलं. सव्वा मिनिट सरळ गेलं... मग कललं आणि समुद्रात पडलं. बातम्यांतली बाई म्हणाली, या खासगी कंपनीचं हे पहिलंच रॉकेट होतं. आबांनी 'खासगी' हा एकच शब्द ऐकला. मागं कुणीतरी हसलं.

आत येऊन त्यांनी स्पीकरवर फोन लावला.

"खरं सांग. सरकारी हाय का न्हाई?"

"न्हाई आबा. माझं चुकलं."

"मग तवा गप कावून बसला?"

"चुकलं माझं."

माझं नाव त्यानं घेतलंच नाही. लग्न मोडलं, असं सांगून आबांनी फोन ठेवला.

ज्याची दोन वर्षांची मेहनत नुकतीच समुद्रात बुडाली, तो माझं खोटंही स्वतःच्या अंगावर घेत होता. मला ते सहन होईना.

"आबा, त्यो सांगणार व्हता. मीच मान हलवून गप केलं."

आबा खाटेवर बसले.

"मला इचारायचं व्हतंस," ते म्हणाले. "तुझ्यासाठी हो म्हणलो असतो. आता कसं म्हणू? समद्या गावाला मी माझ्या तोंडानं सांगितलंय."

ते उठून मागच्या दारानं शेताकडं गेले. ओट्यावरच्या माणसांसमोरून जाणं त्यांना जमलं नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. शिवशंकर. त्याच्यामागं कुणीतरी मोठ्यानं रडत होतं. कंपनी उद्या राहते की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याबद्दल त्यानं अवाक्षर काढलं नाही.

"नंतर आबा काय म्हणले?"

"आधी इचारलं असतं तर... हो म्हणले असते."

त्याच्यामागचं रडणं मला ऐकू येत राहिलं. फोन मात्र दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.