उतरलेली पट्टी

"ती पेटी आधी उचल," रत्नम्मा म्हणाली, आणि तिच्या स्वरात असे काही होते की रुद्रप्पाच्या ओठांवरचे हसू जागच्या जागी विरून गेले.

भवानी पेठेतल्या त्या घराच्या पुढच्या खोलीत, ज्या जाजमावर कित्येक वर्षे तानपुरा आणि तबल्याखेरीज दुसरे कोणतेही वाद्य टेकले नव्हते, त्या जाजमावर काळ्या वार्निशची एक नवी कोरी पेटी दात विचकून बसली होती. रुद्रप्पा गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होता आणि वडिलांच्या नकळत, वळसंगच्या एका मित्राच्या घरी बसून, पाच वर्षे पेटी शिकला होता. नभोवाणीने पेटीवरची जुनी बंदी दोन वर्षांपूर्वी सैल केल्यापासून तिथल्या परीक्षेला बसण्याचा त्याने ध्यास घेतला होता, आणि श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मठात अप्पांचे गाणे होईल तेव्हा साथीला आपली पेटी असावी, असे त्याने मठाच्या पंचांकडून परस्पर वदवूनही घेतले होते. तो सोमवार उद्यावर आला होता.

"अक्का, अप्पा ओरडतील हे ठाऊक हाय मला. तू का ओरडायलीस?"

काय सांगावे याला? अप्पांचा राग जुना होता, सर्वांच्या परिचयाचा होता. पण या घरात पेटी का येऊ नये याचे खरे कारण अप्पांनाही माहीत नव्हते. ते एकट्या रत्नम्माला माहीत होते... आणि तबलजी हिंदुरावांना, जे तिच्याइतकेच मुके राहिले होते.

अप्पा, म्हणजे शिवयोगीबुवा, यांची पट्टी काळी दोन. पेटीच्या ज्या पट्टीला गवई आपला षड्ज मानतो ती त्याची पट्टी. आणि पुरुषाने काळी दोनमध्ये गाऊन वर तारसप्तकात विजेसारखे फिरावे, ही सोलापूरपासून दुधनीपर्यंत एकट्या शिवयोगीबुवांची ख्याती होती. त्या ख्यातीचा त्यांना अभिमान होता, आणि अभिमानाला जीभ होती. मठात एकदा एक वृद्ध गवई खालच्या पट्टीत गायले, तेव्हा बुवा भर बैठकीत म्हणाले होते, "पट्टी उतरलेल्या गवयानं घरात बसून पोथी वाचावी. लोकांच्या कानावर म्हातारपण घालू नये." लोक हसले. ते वृद्ध गृहस्थ पुन्हा कधी गायले नाहीत. रत्नम्मा तेव्हा वडिलांच्या मागे तानपुरा घेऊन बसली होती, आणि ते वाक्य तिच्या काळजावर कोरले गेले होते.

पुढे वर्षभरातच बुवांना विषमज्वर झाला. महिन्याने ते उठले, स्वरासाठी गळा उघडला, आणि तारषड्जाच्या अलीकडेच आवाज चिरकला. त्यांनी तो दोष अशक्तपणाच्या माथी मारला. परंतु मागे बसलेल्या मुलीच्या कानाने ओळखले की हे अशक्तपण जाणारे नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने तानपुरा लावताना खुंटी किंचित सैल सोडली. बुवा गायले, तारषड्ज मिळाला, आणि त्यांच्या डोळ्यांत जे पाणी तरळले ते पाहून तिने आपल्या आयुष्याचा निर्णय केला. घरात पेटी नव्हती. पेटी घरात येऊ देणार नाही ही तर बुवांची प्रतिज्ञाच होती. सारंगिये वारल्यानंतर तेही वाद्य साथीला राहिले नव्हते. मग तानपुरा खोटा आहे, हे सांगणार कोण? काळी दोनवरून तो पांढरी दोनवर आला, मग काळी एकवर, आणखी खाली... इतक्या हळूहळू की गाणाऱ्याला आपण उतरलो हे उमगू नये. हिंदुरावांनी तबल्याची पुडी, म्हणजे वरचे कातडे, फुटल्याचे निमित्त करून रुंद तोंडाचा, खालच्या सुराचा तबला करून घेतला. रत्नम्माने मिरजेहून जाड तारा मागवल्या.

याला फसवणूक म्हणावे काय? म्हणणाऱ्याने अवश्य म्हणावे. पण त्या फसवणुकीचे मोल कोणी मोजले हेही त्याने विचारावे. वडिलांमागे स्वर भरायचा म्हणजे त्यांच्याच पट्टीत गायचे. ती पट्टी जसजशी उतरत गेली तसतसा स्त्रीचा तो कोवळा, काळी चारवर सहज फुलणारा गळा छातीत दाबून दाबून जाड होत गेला, आणि एके काळी पाखरासारखा उडणारा तिचा वरचा आवाज वापराविना मरून गेला. दुधनीहून आलेले स्थळ तिने नाकारले, कारण सासरी गेल्यावर हा तानपुरा कोण लावणार होते? आईने दिलेला तिचा लहान तानपुरा तेव्हापासून गवसणीत घालून आतल्या खोलीत भिंतीला टांगलेला होता.

"कुणाला इचारून आणलास हे?"

बुवा मठातून परतले होते. कपाळावरची विभूती अजून ओली होती.

मग जो वाद झाला तो या घराला नवा नव्हता. मात्र त्या दिवशी दोघेही जणू शेवटचेच भांडत होते. रुद्रप्पाने पाच वर्षे चोरून शिकल्याचे कबूल केले, आणि वर सांगितले की ध्रुपदियांनी एके काळी ख्यालाला उथळ म्हणून नाक मुरडले होते. ज्या सारंगीसाठी अप्पा हळहळतात तिलाही थोरांनी कोठ्यावरची म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवले होते. नाटकातल्या पायपेटीने तर ज्या गावी गवई कधी फिरकला नसता तिथे राग नेऊन पोचवले. संगीत आजवर बदलतच आले आहे, आणि प्रत्येक पिढीला आपल्यानंतरचा बदलच तेवढा बाटलेला वाटतो. बुवांनी उलट विचारले की बदल आणि ऱ्हास यांत काही भेद आहे की नाही? तबकडीने प्रहराचा विस्तार तीन मिनिटांत कोंबला, ध्वनिक्षेपकाने गळ्यातला दम काढून घेतला, आणि ही पेटी... हिच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये जी जागा आहे तिथेच माणसाचे दुःख राहते, आणि तिथे हिला जाता येत नाही.

"तुमी उद्या मला बाजूला बसवला न्हाय तर मी हुबळीला जातो, मावशीकडं," रुद्रप्पा म्हणाला. "परत यायचा न्हाय. बापानं साथीला घेतला न्हाय, त्याला नभोवाणीवाले काय म्हून घेतील?"

"रुद्र्या, गप ऱ्हा की," रत्नम्मा ओरडली. "पेटी उचल म्हणले ना. या घरात ती वाजायची न्हाय."

"तुला काय त्रास हाय गं? स्वतःला गाणं जमलं न्हाय, म्हून दुसऱ्याचं..."

"जमंल कसं?" बुवा मध्येच बोलले, आणि कदाचित त्यांना दुखवायचे नसेलही, पण मुलावरचा संताप शब्दांच्या वाटेत जो आला त्याच्यावर सांडला. "हिचा गळा कसा होता, ठाऊक हाय तुला? हिनं राखला न्हाय. आता बघ, पोकळ कळकातनं वारा गेल्यासारखं गातीया."

रत्नम्माच्या आत इतकी वर्षे कोंडलेले काहीतरी धडका देऊ लागले होते.

बुवा जाजमावर बसले. "तुझी पेटी कसली बेसूर असती ते तुझ्याच कानानं ऐक. रत्ने, तानपुरा छेड. आणि तू, दाब तुझी काळी दोन."

तिला उठून पळावेसे वाटले. पण बापाची आज्ञा होती, आणि वीस वर्षांची सवय बोटांत होती. तानपुरा घुमू लागला. रुद्रप्पाने भाता ओढून काळी दोन दाबली, आणि खोलीत दोन स्वर एकमेकांवर असे आदळले की रस्त्यावरून जाणाऱ्यानेही वळून पाहावे.

"ऐकलास?" बुवांचा चेहरा विजयाने उजळला. "हेच शिकलास पाच वर्षं?"

रुद्रप्पा गोंधळला. भाता न थांबवता तो एकेक पट्टी खाली उतरू लागला. पांढरी दोन... नाही. काळी एक... नाही. पांढरी एकही नाही. मग बोट पांढरी सातवर पडले, आणि पेटी व तानपुरा दुधात साखर विरघळावी तसे एक झाले.

बुवांच्या चेहऱ्यावरचा विजय मावळला नव्हता. फक्त तो आता मुखवट्यासारखा दिसत होता. पेटीचे सूर खोटे असतील, ते म्हणाले. रुद्रप्पाने, पांढराफटक पडून, पेटी नवी असून कालच सुरात लावून आणल्याचे सांगितले. मग बुवा सावकाश मुलीकडे वळले.

"मगळे... पोरी, तू सांग. खोटी कोण? पेटी का तानपुरा?"

एक शब्द पुरे होता. "पेटी" म्हटले की अप्पांचा अभिमान अबाधित राहणार होता, उद्याचे गाणे होणार होते, आणि भाऊ, ज्याचा कान खरा होता, तो बेसूर ठरून या घरातून कायमचा जाणार होता. एकाचे जगणे खोटे करून दुसऱ्याचे खोटे जगवायचे... किती काळ? आणि तिच्या गळ्याची राख तर केव्हाच झाली होती.

"तानपुरा," ती म्हणाली.

बुवांनी हात उगारला नाही. उगारला असता तर बरे झाले असते. माझ्याच घरात, माझ्याच पाठीशी बसून तू मला लोकांसमोर विदूषक केलेस, असे ते म्हणाले. मुलीने बापाचे डोळे काढले असते तरी त्याने क्षमा केली असती, पण हिने कान काढले, असे म्हणाले. आणखी पुष्कळ म्हणाले. हिंदुरावांचे नाव निघाले तेव्हा बुवांनी तोंड फिरवले. रुद्रप्पा मध्ये पडू लागला, तेव्हा रत्नम्मानेच त्याला हाताने मागे सारले.

"पट्टी उतरलेल्या गवयानं घरात बसावं, हे कोण म्हणालं होतं मठात?" तिचा जाड, दाबलेला आवाज आता कुठल्याही पट्टीत नव्हता. "तुमी म्हणाला होता, अप्पा. ते म्हातारं माणूस परत गायलं न्हाय. तुमी बी गायला नसता. मी तुमाला बसू दिलं न्हाय, एवढाच माझा गुन्हा. तुमचा सूर ऱ्हावा म्हून मी खाली खाली आले, आणि तुमी सांगता मी गळा राखला न्हाय! इतक्या वर्षांत कुणी मला इचारलं व्हय, की रत्ने, तुझी पट्टी कोणची?"

बुवा उठले, तानपुरा उचलून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतले.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुपार उलटल्यावर आतून खुंट्या करकरण्याचा, तारा तुटल्यासारखा आवाज येऊ लागला, आणि ते तानपुऱ्याच्या तारा उपटत आहेत अशी दोघा भावंडांची खात्री झाली. रुद्रप्पा बहिणीजवळ येऊन बसला आणि खाली मान घालून म्हणाला की मला ठाऊक असते तर मी पेटी आणली नसती. ती म्हणाली, "आणलास ते बरं झालं." पण ते तिने प्रेमाने म्हटले नाही. तिला त्याचाही राग आला होता, अप्पांचाही, हिंदुरावांच्या मुकेपणाचाही, आणि सर्वांहून अधिक त्या पहाटेचा, जिने तिच्या हाती पहिल्यांदा खुंटी दिली होती.

सोमवारी सकाळी बुवा हिंदुरावांच्या घरी जाऊन आले, आणि तिन्हीसांजेला नेहमीचा जरीकाठी फेटा बांधून बाहेर आले. मुलाला एवढेच म्हणाले की पेटी घे. गवसणीत घातलेले वाद्य त्यांनी स्वतःच खांद्याला लावले आणि कोणाकडे न पाहता मठाची वाट धरली. रत्नम्मा मागे चालत होती, आणि तिच्या मनात एकच भय होते... की ते आज हट्टाने काळी दोन लावतील, आणि सगळ्या पेठेसमोर गळा फाडून घेतील.

मठाचा सभामंडप भरला होता. हिंदुराव आधीच येऊन बसले होते. त्यांच्यापुढे रुंद तोंडाचा तबला नव्हता, लहान तोंडाचा, चढ्या सुराचा होता. तिच्याकडे पाहून त्यांनी डोळे खाली वळवले. बुवांनी गवसणी सोडली. आत रत्नम्माचा लहान तानपुरा होता. नव्या बारीक तारा दिव्यांच्या उजेडात चमकत होत्या.

बुवा उभे राहिले. "माझी पट्टी उतरली," ते म्हणाले. मंडपात कुजबुज उठली ती त्यांनी शमू दिली. "उतरलेल्यानं काय करावं ते मीच हितं बोललो होतो. ज्यांना बोललो ते आता न्हाईत, म्हून तुमची माफी मागतो. आज माझी मुलगी गाईल."

मग ते गवयाच्या जागेवर बसले नाहीत. मागे, जिथे ती बसत असे तिथे, तानपुरा मांडीला टेकवून बसले आणि खुंटीला हात घातला.

"रत्ने, तुझी पट्टी कोणची?"

तिला ठाऊक नव्हते. एवढ्या माणसांसमोर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि ते दुःखाचे नव्हते. इतक्या उशिरा विचारलात, या संतापाचे होते. रुद्रप्पाने पेटीवर काळी चार दाबली. तिने स्वर लावला, तो फुटला. तो एक पट्टी खाली उतरला, मग आणखी एक... पांढरी तीनवर तिचा आवाज टेकला. कोवळा नव्हता, पाखराचा नव्हता; जमिनीतून निघाल्यासारखा रुंद आणि रागीट होता, पण तिचा होता. शिवयोगीबुवांनी, ज्यांनी आयुष्यात पेटीकडून सूर घेतला नव्हता, कान पेटीकडे कलता केला आणि तारा लावून घेतल्या.

ती गाऊ लागली. अप्पांना क्षमा केली की नाही हे तिने स्वतःला विचारले नाही. तेवढा अवकाशच नव्हता, स्वर पुढे ओढत होता. पहिला आलाप पुरा होतो तोच तिच्या कानाला काहीतरी टोचले. नव्या तारा होत्या, मधल्या दोन तारांची जोड सैल पडणारच. तिने मागे वळून न पाहता, पण सर्वांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हटले,

"अप्पा, जोड उतरलीया."

"व्हय," बुवा म्हणाले, आणि मान खाली घालून त्यांनी खुंटी पिळली.