पिशवीचं तोंड

दिवा जरा बारीक करा रे, डोळ्यांवर येतोय. आणि तुम्ही दोघं सकाळपासून तोंड फुगवून बसलाय ना? मग हे ऐकाच. माझ्या ओळखीतल्या माणसाचं आहे. खोटं वाटलं तर खुशाल उठून जा.

दोघे भाऊ, थोरला आणि धाकटा. नदीवर लोकांना रबरी होडीतून न्यायचे. कुणी पाण्यात पडलं की दोराचं एक टोक हातात धरून, दोर भरलेली पिशवी काठावरून फेकायची. दोर सुटत जातो, पडलेला तो पकडतो. ती भरायला दोघं असले की बरं. एकानं पिशवीचं तोंड ताणून धरायचं, दुसऱ्यानं दोर कोंबायचा. धरण्याचं काम धाकट्याचं. त्याच्या एका अंगठ्याचं टोक लहानपणीच तुटलेलं.

एकदा दोघांत जुंपली. अबोला. त्या संध्याकाळी थोरल्यानं रागारागात एकट्यानंच दोर कसाबसा कोंबला. दुसऱ्या दिवशी नेमका धाकटाच होडीतून पडला. थोरल्यानं पिशवी फेकली, पण आत गुंता झालेला. दोर दोन हात कमी पडला.

मग थोरला एकटाच. पिशवी दातांत धरून भरायचा. चहा मात्र सवयीनं दोन कप टाकायचा. एकच गोष्ट त्याला आतून खात होती: धाकटा रागावलेलाच गेला.

गेल्या मार्चमधला मंगळवार. रात्रीचे पावणेदहा. दुपारी वाळत घातलेला दोर काठावरच राहिला, म्हणून तो टॉर्च घेऊन गेला. टॉर्च दगडावर ठेवला, पिशवी दातांत धरली आणि भरायला बसला. अर्धा दोर आत गेला. जबडा दुखायला लागला, म्हणून त्यानं दात सोडले.

पिशवी पडली नाही.

हवेतच. तोंड उघडं. ताणलेलं.

समोर कुणी नाही...

पळावंसं वाटलं. पण पळाला नाही बिचारा. दोर कोंबत राहिला. हळूहळू. शेवटच्या टोकापर्यंत.

"चुकलं रे माझं," तो म्हणाला.

...

पिशवी अलगद त्याच्या मांडीवर आली.

घरी येऊन त्यानं ती दिव्याखाली धरली. कोरडी ठणठणीत. फक्त तोंडाच्या कडेला अंगठ्यांचे दोन ओले ठसे. एक अख्खा. एक अर्धा.

वर्ष झालं. कडक उन्हात टाकून पाहिली त्यानं, शेगडीजवळ टांगून पाहिली. ते अजून वाळलेले नाहीत.