धाकट्याची सीट

दार लोटून घ्या आणि मधे हसू नका. ज्याच्यावर बेतलं तो माझा शेजारी होता, आणि हे त्यानेच मला सांगितलंय. पदरचं एक अक्षर घालत नाही.

डिसेंबरातला शेवटचा शुक्रवार. तो निघाला होता अगदी साध्या कामाला. अपघातानंतरची व्हॅन दुरुस्त होऊन तयार होती, ती गॅरेजमधून घरी आणायची, एवढंच.

त्या व्हॅनमधून दोघं भाऊ पहाटे दुकानांना दूध पोचवायचे. थोरला ठेंगणा, धाकटा ताडमाड उंच. चालवायचा मात्र कायम थोरलाच. धाकट्याकडे लायसन्स होतं, हातही चांगला होता, पण थोरल्याने स्टिअरिंग कधी सोडलं नाही. "दादा, आज मी घेऊ?" असं धाकटा रोज विचारायचा आणि थोरला रोज म्हणायचा, "उद्या." घरात त्याची थट्टाच झाली होती. याचं उद्या उजाडेपर्यंत मी टिकते की नाही कोण जाणे, असं आई म्हणायची.

मग एका पहाटे दाट धुक्यात गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. थोरल्याला नुसतं खरचटलं. धाकटा जागीच गेला. मागून आलेल्या लोकांनी दोघांना ओढून रस्त्यावर ठेवलं, कोण कुठे बसलं होतं ते कुणीच पाहिलं नाही.

पण पोटाला काही सुतक कळत नाही. घर त्या व्हॅनवर चालत होतं, आणि थोरल्याच्या लायसन्सची मुदत संपलेली. आज करू, उद्या करू म्हणत राहून गेलं होतं. अशा वेळी विमेवाले सरळ हात वर करतात. गॅरेजच्या मिस्त्रीनेच हळूच सुचवलं की धाकटा चालवत होता म्हणून सांगा, गेलेल्या माणसाला काय फरक पडतो.

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. चारी बाजूंनी फोटो काढले, आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "चालवत कोण होतं?"

"धाकटा," थोरला म्हणाला.

"एवढा उंच माणूस, आणि सीट इतकी पुढे?"

मिस्त्री पटकन मधे पडला. ती मीच सरकवली साहेब, म्हणाला. आम्ही पाहिल्याशिवाय गाडीला हात लावायचा नसतो हे ठाऊक नाही का, म्हणून सर्व्हेअरने त्याला झापलं आणि तो निघून गेला. दावा मंजूर झाला. आईच्या कानावर हे गेलं. त्या दिवसापासून थोरल्याशी ती बोललीच नाही. आणि त्याला विम्यापेक्षा, गाडीपेक्षा, तेवढंच परत हवं होतं.

तर त्या शुक्रवारी मिस्त्रीने नको तेवढा उशीर लावला. किल्ली देताना म्हणाला की सगळं नव्यासारखं झालंय, फक्त ड्रायव्हरची सीट आपोआप मागे जाते. दोनदा खटका बदलला, तरी जाते. थोरल्याने सीट पुढे ओढली आणि निघाला.

पुलाजवळ आला तेव्हा पावणेबारा झाले होते. धुकं उतरलेलं. दिव्यांचा उजेड हातभर पुढे जाऊन विरत होता. त्याने वेग कमी केला.

कट्.

सीट एक घर मागे गेली. त्याने रेटून पुढे घेतली.

कट्. कट्.

आता पाय ब्रेकला जेमतेम टेकत होता. कठडा आला. नवा सिमेंटचा तुकडा पांढरा दिसत होता. त्याने कशीबशी गाडी थांबवली. इंजिन चालूच.

कट्... कट्... कट्.

सीट पार मागे. त्याचे पाय लोंबकळत राहिले. काच आतून धूसर झाली. त्याने तर श्वास रोखून धरला होता...

"कोण आहे?"

काही नाही.

"मी... मी ते घरासाठी सांगितलं रे."

काही नाही. नुसतं इंजिन.

तेव्हा त्याला कळलं, की माफी मागायला उशीर झाला होता. धाकटा रोज काय मागायचा ते त्याला आठवलं.

"घे," तो म्हणाला. "आज तू घे."

सरकून तो शेजारच्या सीटवर गेला. पट्टा लावला. डोळे मिटले.

गिअर पडला.

गाडी इतकी अलगद चालली होती, की एक खड्डासुद्धा लागला नाही. थांबली ती घराच्या दारात. आई बाहेर उभी होती. ती आली, दार उघडून आत वाकली. थोरल्याकडे तिने पाहिलं नाही. रिकाम्या सीटकडे पाहून म्हणाली, "आलास?"

सोमवारी थोरला विम्याच्या ऑफिसात गेला. गाडी मी चालवत होतो, भाऊ माझ्यामुळे गेला, असं हात जोडून सांगितलं. तिथल्या माणसाने त्याला पाणी दिलं. प्रकरण मिटलंय, तुम्हाला धक्का बसलाय, घरी जा, म्हणाला. पोलीस चौकीतही तेच. खोटं सगळ्यांनी एका दमात घेतलं होतं, खरं कुणी घेईना. आई पुढे वारली, तीही त्याच्याशी न बोलता. व्हॅन घरामागे उभी राहिली, सीट पार मागे. त्याने तिला परत हात लावला नाही.

थोरला गेल्या हिवाळ्यात गेला. दुसऱ्या दिवशी ती व्हॅन हलवायला मी आणि तो मिस्त्री गेलो. दार उघडायला पहार लागली. मिस्त्रीने आत डोकावून पाहिलं आणि तो बाजूला झाला. मग मी पाहिलं.

ड्रायव्हरची सीट पुढे होती. अगदी पुढे, ठेंगण्या माणसाला लागते तेवढी.

आम्ही दोघांनी मिळून ओढली. तसूभर हलली नाही. रुळाला गंजून चिकटली होती, आणि तसा गंज चढायला वर्षं लागतात.