इल प्लातचा दिवा

"तिथे तुम्हाला एकटं नाही वाटत का हो?"

कामिनीने विचारलं खरं, पण लगेच पळून जावंसं वाटलं. हिरा आणि कुंती या मैत्रिणींनी पैज लावली होती – उत्तरेच्या टोकाच्या धक्क्यावर दीपगृहाच्या होडीत तांदळाची पोती चढवणाऱ्या त्या उंच, रापलेल्या माणसाला मराठीत काहीतरी विचारून दाखव! त्याला कुठे कळणार आहे...

त्याने पोतं खाली ठेवलं.

"वाटतं की. पण असं कुणी विचारलं, की महिनाभर नाही वाटत."

आयो! हा तर मराठी!

तो जयदेव. समुद्रापलीकडच्या इल प्लात बेटावरच्या दीपगृहाचा राखणदार. तिथे घरं चार, पाणी पावसाचं, आणि होडी पंधरवड्यातून एकदा... तीही समुद्राची मर्जी असली तर. कामिनी वीस वर्षांची, मोठ्या बेटावरच्या, धुक्यातल्या क्युरपिप शहरातली. तिची सरकारी ऑफिसातली टायपिस्टची नोकरी पक्की होत आली होती.

मग त्याच होडीने तिची पत्रं जाऊ लागली. आठ महिने! १९७८च्या नोव्हेंबरात समुद्र निवळला, तेव्हा बंदर खात्यातल्या चंद्रमोहनमामाने तिला बेटावर नेलं.

मामा खालीच धापा टाकत बसला. कामिनी जयदेवमागोमाग धावत दीपगृहाचा जिना चढली... आणि थबकली. दिव्याभोवती माणसाहून उंच भिंगं, पाकळीला पाकळी लावावी तशी! खिडक्यांना मात्र पडदे.

"दिवसाढवळ्या अंधार कशाला?" म्हणत तिने एक पडदा सर्रकन ओढला.

ऊन भिंगात शिरलं. सप्तरंग सांडले – भिंतीवर, त्याच्या शर्टावर, तिच्या हातांवर... मग जळका वास आला. तिचा स्कार्फ धुमसत होता!

जयदेवने झटकन पडदा लावला, तळव्याने स्कार्फ विझवला.

"म्हणून तर पडदे, बाईसाहेब! या काचा सूर्यालाच पकडतात."

"हात भाजला... दाखव बरं." 'तुम्ही' कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही. "रागावलास?"

"रागावतो की. आधी हात सोड."

तिने सोडला नाही.

"कामिनी, मी बदली मागतो. तिकडे, कुठल्याही ऑफिसात. इथे तुला कसं..."

बोलताना त्याची नजर भिंगांवरून फिरली, अगदी हळू... निरोप घेतल्यासारखी. खिडकीबाहेर निळं, निळं, नुसतं निळं. एवढ्या समुद्रात जहाजांना वाट दाखवणारा हा माणूस – आणि फायलींच्या ढिगात? तिला ते चित्रच नको झालं.

"अर्ज कधी देणार?"

"पुढच्या होडीने."

"देऊ नकोस. आधी मला घरी बोलू दे."

घरी आई डाळीच्या सारणाची दोलपुरी लाटत होती, बा पेपर वाचत होते. कामिनी चप्पलसुद्धा न काढता दारात उभी राहिली.

"बा, आई, त्या नोकरीला मी नाही म्हणून कळवतेय."

"मग करणार काय?" बांचा पेपर खाली आला.

"जयदेवशी लग्न. तो इकडे यायचं म्हणतोय, पण मी येऊ देणार नाही. मीच इल प्लातला राहायला जाणार!"